पाव्हण्यांना आधी पाणी

माझं आडनाव बुडबुडे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नांदेडात आजही दोन-चार घरं अशी आहेत की तिथून लग्नपत्रिका येते ती 'श्री. बुडबुडे यांस सहकुटुंब' अशीच येते. हे नाव मला सरांनी दिलं. सर म्हणजे आमचे घरमालक. ते खाली राहायचे, आम्ही वर भाड्यानं. मी विमा कंपनीत कारकून, ते कॅन्सरवर संशोधन करणारे. "माझं काम लोकांना मरणाची आठवण करून द्यायचं, तुमचं त्या मरणाला उशीर करायचं," असं मी एकदा मोठ्या ऐटीत त्यांना म्हणालो. सरांनी मान डोलावली. म्हणाले, "बुडबुडे, वाक्य छान आहे. आत काही नाही."

नाव पडलं ते त्यांच्या प्रयोगशाळेत. आम्ही नवीन होतो. एका रविवारी सर म्हणाले, "चला, माझी मशीन दाखवतो." मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मला वाटलं, निदान पिठाच्या गिरणीएवढं तरी काही असेल. टेबलावर होती एक पारदर्शक, मऊ वडी. खोडरबराएवढी. तिच्यात केसाहून बारीक नाल्या कोरलेल्या, आणि एका बाजूनं शेवईसारखी नळी आत गेलेली.

"ही?"

"हीच. बसा इथं. डोळा लावा."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि थक्क झालो. मधोमध एक गोल, चकचकीत, काळ्या काठाची वस्तू. चंद्रासारखी. मी भारावून म्हणालो, "सर, काय देखणी चीज आहे हो! हाच का तो कॅन्सर?"

सरांनी मला बाजूला केलं, बघितलं, आणि एकदम थंड आवाजात म्हणाले, "हा बुडबुडा आहे. हवेचा. गोल, गुळगुळीत, आत काही नाही, आणि रस्ता अडवून बसलाय." मग त्यांनी माझ्या पोटाकडं एक नजर टाकली. त्या नजरेत बारसं झालं.

बुडबुड्याशी त्यांचं उभं वैर होतं. त्या बारीक नाल्यांत एक जरी अडकला तरी सकाळपासूनची मेहनत पाण्यात. त्यामुळं प्रयोगशाळेबाहेरही ते त्याला सोडत नसत. सोडा प्यायचे नाहीत. चहावरचा फेस फुंकून एका कडेला लावायचे आणि दुसऱ्या कडेनं प्यायचे. तांब्यात पाणी ओतताना तांब्या तिरका धरून काठाकाठानं सोडायचे. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी हवा फुसफुसायला लागली की आंघोळीच्या खोलीतून आवाज यायचा, "आला बघा हरामखोर!" माझी बायको वरून विचारायची, "कोण आलं हो सरांकडं?" मी म्हणायचो, "माझेच भाऊबंद."

दुसरं त्यांचं वेड म्हणजे पाव्हणे. सर मूळचे देगलूरकडचे. कुणीही दारात आलं की आधी पाणी. पाणी पिऊन होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही, बोलू द्यायचं नाही. मग विचारायचं, "पाव्हणे, कुठले?" पोस्टमनला पाणी, गॅसवाल्याला पाणी, मार्क वाढवा म्हणून आलेल्या पोरांना पाणी. एकदा एक गृहस्थ पाणी प्यायले, मग चहा झाला, मग पोहे झाले, मग 'कुठले' निघालं. माहूरकडचे होते. आणि मग कळलं, त्यांना मागच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरकडं जायचं होतं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, त्यांची दाढ दुखून राहिली होती, आणि तुम्ही त्यांना पोहे चारले!" सर म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलं त्यांनी?" काकू म्हणाल्या, "तुम्ही सांगू द्याल तवा."

हेच सगळं ते प्रयोगशाळेत करायचे. तिथं रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या पेशी यायच्या. विद्यार्थी त्यांना 'सॅम्पल' म्हणाले की सर भडकत. "सॅम्पल कापडाचं असतं. हे पाव्हणे आहेत. कुणाच्या तरी अंगातून उठून आलेत. आधी पाणी द्या, बसवा, नीट बघा, मग विचारा." हे पाणी म्हणजे आपलं पाणी नव्हे. अंगातल्या रसाइतकंच खारट असं ते एक द्रव होतं, पेशींना जगवणारं. पण त्या खोलीत त्याला पाणीच म्हणत. बाहेरच्या कुणाला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

त्या वडीचं काम मला समजावं म्हणून सरांनी फार खटपट केली. मी इंग्रजी शब्दाला मान डोलावतो हे त्यांना लवकरच कळलं. मग एकदा परसात घेऊन गेले.

"शेतकऱ्याचे ना तुम्ही? पाट, दांड, वाफा माहीत आहे?"

"ते माहीत आहे. हातात धरलेलं नाही."

त्यांनी काकूंच्या खुरप्यानं मातीत बोटाएवढा पाट काढला, त्याला दांड फोडले, दांडात पेन्सिलीच्या टोकानं ओळीनं खड्डे पाडले. मग तांब्याभर पाण्यात मोहरी टाकून ते काठाकाठानं सोडलं. मोहरी गडगडत निघाली आणि एकेका खड्ड्यात एकेक दाणा बसला.

"बघा. एका खड्ड्यात एक. आता प्रत्येकीचं तोंड बघता येतं. रंग लावला की कॅन्सरवाली वेगळी चमकते. आणि जिथं बसलीय तिथंच, तिलाच, विचारता येतं."

"काय विचारता येतं?"

"कुठली म्हणून. पेशी फुप्फुसात सापडली म्हणजे फुप्फुसाचीच असं नाही. दुसरीकडून उठून आलेली असते. पण बोली सुटत नाही हो तिची. आपला माणूस पुण्यात कितीही वर्षं राहिला तरी दोन वाक्यांत कळतो ना, मुखेडचा म्हणून? तसं. तिच्या आत लिहिलेलं असतं, ते वाचायचं."

"पण हे तर आताही करतात ना? तपासतातच की."

"करतात. गाठीचा एक तुकडा बघायला जातो, आणि दुसरा वाटून-घाटून वाचायला. बघितली एक, विचारलं भलतीलाच. फोटो थोरलीचा आणि माहिती धाकटीची! लग्नं अशानंच मोडतात, बुडबुडे."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "फोडणीला मोहरी न्हाई, आणि हे परसात पेरून राहिले!"

पुढं पाऊस झाल्यावर ती मोहरी उगवली. एकदम सरळ रांगेत. सर रोज सकाळी तिच्यासमोर उभे राहायचे, पोरं पहिली आल्यासारखे.

अक्काची आणि त्यांची ओळख त्याच परसातली. अक्का माझी थोरली बहीण, जळकोटला दिलेली. एकदा आमच्याकडं राहायला आली होती. सर बाहेर आले. ते तोंड उघडणार तोच अक्का म्हणाली, "पाव्हणे, कुठले?"

सर बघतच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा प्रश्न त्यांना विचारला होता.

"देगलूरकडचा."

"मग कानडी येतं का तेलुगू?"

"शिव्या दोन्हीत येतात."

अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. सर धावत आत गेले आणि स्वतः पाणी घेऊन आले. त्यानंतर ती आली की दोघं तिथंच बसायची. ती त्यांना मशीनवाले दादा म्हणायची. "दादा, तुमच्या त्या वडीत बाईमाणसाच्या डोक्यातलं दिसतं का हो? आमच्या ह्यांना दाखवायचंय." तो ठसका पुढच्या आजाराचाच असेल का, हे मी नंतर फार वेळा स्वतःला विचारलं. डॉक्टर म्हणतात, तसं काही नसतं.

मग अक्काच्या छातीत पाणी झालं. लातूरच्या डॉक्टरांनी सुई घालून काढलं, तपासलं. त्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या. पण गाठ कुठंच सापडेना. मूळ कुठलं ते कळेना, आणि मूळ कळल्याशिवाय नेमकं औषध ठरेना. अंदाजानं द्यायचं तर द्यायचं.

मी खाली गेलो. सरांनी आधी पाणी दिलं. मी ते कसंबसं संपवलं आणि सांगितलं. सरांनी रिकामा तांब्या बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझी वडी अजून शिकून राहिलीय. तिच्या उत्तरावर डॉक्टर औषध देणार नाहीत, देऊही नये. पण कुठं शोधायचं ती दिशा ती सांगेल. मग डॉक्टर तिथली पक्की तपासणी करतील." ते स्वतः लातूरला जाऊन डॉक्टरांशी बोलून आले. अक्काची रीतसर परवानगी घेतली. तिला दम लागत होता, म्हणून आणखी एकदा पाणी काढायचं ठरलंच होतं. त्यातलं थोडं सरांना मिळणार होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ही शेवटची सुई. अंगात ताकद राहिली नाही.

सरांनी त्यांच्या त्या खारट द्रवाची छोटी बाटली दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत देऊन ठेवली होती. काढल्याबरोबर त्यात मिसळायचं, नळीत भरून झाकण लावायचं, थर्मासात गार ठेवायचं पण गोठवायचं नाही. आणायचं काम अक्काच्या जावयाकडं. माणूस कामाला एकदम खरा. अक्काला सासू नाही, आई म्हणायचा. इतके महिने लातूरच्या चकरा त्यानंच मारल्या. सर स्वतः गेले नाहीत, कारण सकाळपासून त्या नाल्या भरून बुडबुडे काढत बसले होते. पाव्हणे यायच्या आधी घर आवरायला नको?

दुपारी त्यांनी जावयाला फोन लावला. मी समोरच होतो. सर खुशीत होते. इतक्या दिवसांनी ओळखीच्या घरचे पाव्हणे येणार होते.

"काय जावईबापू, निघाले का पाव्हणे?"

"हाव सर, निघाले."

"पाणी-बिणी दिलं का त्यांना?"

"पाणी? न्हाई सर. द्यायचं का?"

"अहो, द्यायचं का काय! पाव्हण्याला कोरडं आणता का? द्या, आधी द्या."

"देतो सर, लगेच देतो."

सरांना वाटलं, 'निघाले' म्हणजे छातीतून निघाले; जावई अजून दवाखान्यातच आहे, त्या खोलीतल्या माणसाला जाऊन सांगेल. जावई बसमध्ये होता.

प्रयोगशाळेच्या जिन्यात तो मला भेटला. घामाघूम, पण तोंडावर काम फत्ते केल्याची कळा. थर्मास छातीशी धरलेला. "मामा, बस अहमदपूरला थांबली ना, तेवढ्यात उतरून पाणी घेतलं. नळाचं न्हाई बरं का. शीलबंद बाटली. झाकण माझ्या हातानं फोडलं आन् नळी गळ्यापर्यंत भरली. छातीतलं पाणीच ते. पाण्यात पाणी."

मला ते पटलं. एवढंच नाही, मी त्याच्या पाठीवर थाप मारली. सीलबंद म्हणजे काय साधी गोष्ट आहे? जाणकार माणूस तसंच करणार.

सरांनी नळी घेतली, उजेडात धरली. भरलेली बघून भुवया उंचावल्या. जावयाला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत वडीत द्रव सोडला, डोळा लावला. मी मागं उभा. पंपाची बारीक घरघर तेवढी चालू होती.

सर डोळा काढेनात.

"सर, बुडबुडा आहे का?" मी विचारलं. वातावरण घाईघाईनं हलकं करायची मला सवय आहे.

"बुडबुडा असता तर बरं झालं असतं," सर म्हणाले. "पाणी कुणी घातलं ह्यात?"

मी सांगितलं. सीलबंद आहे, हेही सांगितलं.

सरांनी मला बसायला सांगितलं आणि समजावलं, मोहरीच्या वेळी समजावलं होतं तसंच, सावकाश. साध्या पाण्यात पेशी फुगते. फुगत जाते आणि फुटते. आतलं सगळं बाहेर पडतं, एकीचं दुसरीत मिसळतं, त्याच्या चिकट तारा होतात, नाल्या तुंबतात. "आता खड्ड्यात कुणी बसलेलं नाही, बुडबुडे. नुसती सालपटं. विचारायचं कुणाला?"

मी म्हणालो, "पण तुम्हीच फोनवर म्हणालात ना..."

म्हणालो आणि जीभ चावली. सरांनी मान हलवली. "हो. मीच म्हणालो. त्यानं माझं ऐकलं." खोलीच्या फडताळात त्यांच्या 'पाण्याच्या' बाटल्या मांडलेल्या होत्या. त्यांच्याकडं ते असे बघत होते, की जणू त्यांनीच दगा दिला.

मग ते उठले. मला वाटलं, आता बाहेर जाऊन जावयाला सांगतील. फार तर रागावतील. सर दार उघडून बाहेर गेले आणि म्हणाले, "जावईबापू, आमची मशीन बिघडली. नालीत बुडबुडा अडकला. जे आणलं होतं ते वाया गेलं. चूक आमची."

स्वतःच्या वडीबद्दल कुणी एक वाकडा शब्द काढला तर महिनाभर त्याच्याशी न बोलणारा हा माणूस.

जावई उभा राहिला. "बुडबुडा?"

"बुडबुडा."

"एवढ्याशा बुडबुड्यानं? सर, आईनं किती सोसून दिलं हो ते." मग तो रिकामा थर्मास घेऊन जिना उतरून गेला.

मी मागाहून म्हणालो, "सर, खरं सांगायचं होतं."

"सांगून काय होतं? तुमची अक्का आहे तोवर त्याला तिच्या तोंडाकडं बघायचंय. माझी मशीन काय, ती ऐकून घेईल."

डॉक्टर पुन्हा सुई घालायला तयार नव्हते आणि अक्काही नव्हती. "आता कुणी टोचायचं न्हाई मला. दादांना सांग, वाईट वाटून घेऊ नका म्हणावं." अंदाजानं औषध सुरू झालं. अंदाज बरोबर होता की नव्हता, कुणाला माहीत. दिवाळी तिनं पाहिली. संक्रांत नाही.

त्यानंतर सर पाव्हणे म्हणाले नाहीत. विद्यार्थ्यांना 'नमुना' म्हणायला लावलं. प्रत्येक बाटलीला तिचं पूर्ण नाव, आणि बोलतानाही पूर्ण नाव. घरीसुद्धा काकूंना "पाणी आण" म्हणायचं सोडलं. "पिण्याचं पाणी आण" म्हणायचे. काकू आधी हसल्या. नंतर त्यांनी हसणं सोडलं. दारात कुणी आलं तर सर पाणी द्यायचे, पण पिऊन झाल्यावर नुसते बसून राहायचे. येणारा माणूस अवघडून स्वतःच सांगायचा, मी अमुक गावचा म्हणून. मला ते आडनावानं हाक मारायला लागले. माझं खरं आडनाव त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. आयुष्यात कधी वाटलं नव्हतं की मला कुणी बुडबुडे म्हणत नाही याचं मला वाईट वाटेल.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. त्यांची एक विद्यार्थिनी आता हैदराबादला तेच काम करते. तिकडं नळी दवाखान्यातच बंद होते, प्रवासात कुणाला उघडता येत नाही, असं ती सांगत होती. मी जळकोटला फोन केला. दाजी म्हणजे अक्काचे मालक, फोनवर म्हणाले, "कोण, ते बुडबुड्याच्या मशीनवाले? बरं." आणि ज्वारीच्या पेरणीचं बोलायला लागले. जळकोटहून कुणी नांदेडला काकूंना भेटायला गेलं नाही.

घरात कार्य निघालं, मांडवात चार माणसं जमली की मला गोष्ट सांगायला बसवतात. तेवढाच माझा उपयोग. आणि फर्माईश ठरलेली असते, "मामा, त्या बुडबुड्याच्या मशीनची सांगा." मी सांगतो. परसातली मोहरी सांगतो, पोहे सांगतो, दाढ सांगतो. बुडबुड्यापाशी आलो की सगळे हसतात, कुणीतरी म्हणतं, "कसले सायंटिस्ट हो हे!" तिथं मी थांबतो. तशी ती गोष्ट फार चांगली रंगते.

इथं पुढचं लिहिलंय, म्हणून एक सांगतो. जावई म्हटलंय खरं, पण तो जावईच होता असं धरू नका. पुतण्या असेल, दीर असेल, भाचा असेल. बस जिथं थांबली ते गावही बदललंय. आमच्या घरात माणसं इतकी आहेत, की वाचून ज्यानं त्यानं दुसऱ्याकडं बघावं.

अक्का गेल्यावर सर जळकोटला आले होते. न सांगता, एसटीनं, एकटे. अंगणात सतरंजी टाकलेली, माणसं बसलेली. सर येऊन कडेला बसले. दाजींनी रीत म्हणून हाक दिली, "पाव्हण्यांना पाणी आणा रे."

जावईच घेऊन आला. तांब्या आणि फुलपात्र. सरांच्या समोर धरून म्हणाला, "घ्या सर. मशीन तुमची नेमकी टायमावर बसली बघा."

"हो," सर म्हणाले. "बसली खरी."

त्यांनी फुलपात्र घेतलं. आतल्या पाण्याकडं एकदा बघितलं. मला वाटलं, नाही पिणार. पण सर प्यायले. सावकाश, काठाकाठानं, तळाशी काही उरू दिलं नाही. मग फुलपात्र पुढं करून, केवळ काहीतरी बोलायचं म्हणून असेल, किंवा जुनी सवय असेल, म्हणाले,

"चांगलं आहे पाणी. कुठलं?"

"बोअरचं न्हाई सर," जावई म्हणाला. "शीलबंद जारचं हाय. बाहेरून माणसं यायची म्हणून मुद्दाम मागवलंय."

सरांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. नीट, बराच वेळ बघितलं.

"मग द्या आणखी," ते म्हणाले.